आमच्या स्लॅबवरचं ऊन

मला बघायला आलेले पाहुणे फाटकातून आत आले आणि त्यांच्यातला मुख्य माणूस, म्हणजे मुलाचे वडील, अंगणातच थांबले. डोळ्यांवर आडवा हात धरून त्यांनी आमच्या घराकडे पाहिलं, मग घराच्या वर पाहिलं, मग दोन पावलं मागे सरून पुन्हा वर पाहिलं. दारात माझे वडील, अण्णा, हात जोडून उभे होते. त्यांचा नमस्कार घ्यायला कुणी मोकळंच नव्हतं.

"दक्षिण बाजू अगदी मोकळी आहे हो तुमची," पाहुणे म्हणाले. "ना झाड, ना शेजारचा मजला. काय सुंदर ऊन पडतंय स्लॅबवर."

"उन्हाचं काय कौतुक," अण्णा म्हणाले. "विट्यात दुसरं पिकतंय काय? या, आत या की."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी हे ऐकलं आणि माझ्या हातातली खोबऱ्याची वाटी पोह्यांत उपडी झाली. कारण ह्या शेवाळे गुरुजींनी आदल्याच दिवशी आपल्या मुलाला शब्द दिला होता, की आमच्या, म्हणजे पिसाळांच्या घरात असेपर्यंत ऊन, सूर्य, छप्पर आणि बिल ह्यांतलं काहीही तोंडातून काढणार नाही. फाटकापासून दारापर्यंतसुद्धा तो शब्द टिकला नाही.

आता त्यांनी मुलाला काय शब्द दिला ते मला कसं ठाऊक, असं कुणी विचारेल. तर मुलगा मला ठाऊक होता. चांगला ठाऊक होता. मी कऱ्हाडला फार्मसी शिकत होते आणि सुजय शेवाळे तिथेच इंजिनियरिंगला होता, आणि आमचं जमलं होतं. जमलेलं आहे हे आम्हा दोघांखेरीज कुणालाही माहीत नव्हतं, आणि कळून चालणारही नव्हतं. आमच्या गल्लीतल्या एका मुलीनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, तर अण्णांनी त्या घरचा चहा सोडला होता. नुसता चहा नाही, त्या घरावरून जाणारा रस्ताही सोडला होता. म्हणून मी आणि सुजयनं ठरवलं, की आपण प्रेमविवाह करायचाच, पण तो रीतसर बघून, पसंत करून, पोहे खाऊन करायचा. सुजयचं स्थळ माझ्या मामाच्या कानावर अशा बेतानं घातलं, की मामाला वाटलं ते आपणच शोधून काढलं. त्यानं अण्णांना इतक्या अभिमानानं सांगितलं, की मला त्याची दया आली.

सगळं छान चाललं होतं, एक अडचण सोडली तर. सुजयच्या माहितीपत्रकात 'विद्युत उपकरणांचा स्वतंत्र व्यवसाय' असं मोघम लिहिलेलं होतं. खरा व्यवसाय असा, की तो लोकांच्या घरांवर सोलर पॅनेल बसवायचा. आणि अण्णा वीज मंडळात वायरमन म्हणून लागून लाईन इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. सोलर म्हटलं की त्यांचं टाळकं फिरायचं. पॅनेल विकायला कुणी दारात आलं तर ते त्याला पाणी द्यायचे, फाटकापर्यंत पोचवायचे आणि पुन्हा येऊ नका म्हणून सांगायचे. आम्ही समजायचो, की माणसानं सारा जन्म खांब रोवण्यात घातला, त्याला हा आपला अपमान वाटत असणार.

तेव्हा आधी होकार मिळवायचा आणि मग हळूहळू, मानपान, कपडे, पत्रिका असं करत करत सोलरपर्यंत पोचायचं, असा आमचा बेत होता. आणि होकार त्याच दिवशी मिळायला हवा होता. पुण्याचं एक बँकेतलं स्थळ अण्णांच्या मनात भरलं होतं. त्या मुलाला मी पसंत होते. अण्णांनी सांगून टाकलं होतं, की रविवारी कऱ्हाडकरांना येऊ दे, मामाचं मन राखायचं म्हणून. नाही जमलं तर सोमवारी पुण्याला हो म्हणून कळवतो. म्हणजे तो रविवार गेला की मी गेले.

पोह्यांचा ट्रे घेऊन मी बाहेर आले, तेव्हा सुजय कडक इस्तरीच्या शर्टात सतरंजीवर बसला होता आणि माझ्याकडे न बघण्याचा इतका जिवापाड प्रयत्न करत होता, की त्यावरूनच एखाद्याला संशय यावा. त्याच्या आईनं, मालनताईंनी, मला जवळ बसायची खूण केली. गुरुजींनी बशी घेतली, तीही वर छताकडे बघत.

"ह्यावर जिना आहे का?" त्यांनी विचारलं.

"हाय की, मागच्या अंगाला," अण्णा म्हणाले. "का ओ?"

"सहज."

सुजयला ठसका लागला. मी पाणी दिलं. ते घेताना त्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि त्या बघण्यात एवढंच होतं, की आता आपण संपलो.

मुलीला काय येतं, मुलगी किती शिकली, एवढंच काय, मुलीचं नाव काय, हेसुद्धा कुणी विचारलं नाही. त्यासाठी मी दोन दिवस आरशासमोर उत्तरं घोटली होती. 'मंजिरी माणिकराव पिसाळ' हे कसं हळू म्हणायचं, ते आईनं शिकवलं होतं. पण गुरुजींच्या बशीतले पोहे संपेपर्यंत ते विजेच्या बिलावर आले, आणि अण्णा म्हणाले, बिल म्हणजे वीज वापरल्याचा मान आहे, आणि गुरुजी म्हणाले, आमच्याकडे तो मान शून्य रुपये झालाय. मग दोघेही उठले. सगळ्यांच्या लक्षात येईपर्यंत ते जिन्याला लागलेसुद्धा होते.

आई धावत त्यांच्या मागे गेली. "वर कुरडया घातल्यात," ती म्हणत होती. "बघून जावा, कुरडया हायत." तिच्या मागे मालनताई गेल्या. बघायला आलेल्या पाहुण्यांच्या मागे मुलीनं गच्चीवर जायचं नसतं, पण मला कुणी बघतच नव्हतं, तर अडवणार कोण? जिन्याच्या वळणावर मी आणि सुजय क्षणभर दोघंच राहिलो.

"शब्द दिला होता त्यांनी," तो कुजबुजला.

"तू मात्र एक अक्षर बोलू नकोस," मी म्हणाले. "सोलरचं स बोललास तर मी पुण्याला जाईन."

त्यानं गळ्याला हात लावून शपथ घेतली. बापापेक्षा मुलाचा शब्द पक्का होता, आणि त्याचाच पुढे घोटाळा झाला.

वर एप्रिलचं ऊन नुसतं उतू चाललं होतं. अर्ध्या गच्चीवर आईनं जुनं धोतर अंथरून कुरडया घातल्या होत्या, उरलेल्या अर्ध्यात सांडगे होते, आणि मधून एक माणूस जाईल एवढी वाट होती. त्या वाटेवरून गुरुजी लांब लांब पावलं टाकत निघाले. इथून इथपर्यंत पॅनेल, थोडं कलतं, तोंड दक्षिणेला. बोलताना माणूस खाली बघत नाही. कर्र आवाज झाला आणि एक कुरडई गेली.

आईच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. पण मालनताई पटकन खाली बसल्या, चुऱ्यातला एक तुकडा त्यांनी तोंडात टाकला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "चीक कसा पांढराशिप्पट झालाय. गहू कुठला घेतला ओ?" आई त्यांच्याशेजारी बसली. बाजूला पुरुषांचं काय चाललंय, त्याच्याशी पुढचा बराच वेळ त्या दोघींचा काही संबंध उरला नाही.

पुरुषांचं फार जोरात चाललं होतं. आता इतक्या वर्षांनी मला सगळं आठवत नाही, पण अण्णा एकेक हरकत खिशातून काढावी तशी काढत होते आणि गुरुजी तिचा तिथल्या तिथे निकाल लावत होते. खर्च एवढा, तर तो फिटणार कधी? गुरुजी म्हणाले, सरकार काही वाटा देतं, बाकीचे पैसे पाच-सहा वर्षांत सुटतात आणि पुढे पंचवीस वर्षं सूर्य फुकट राबतो.

"पत्रे टिकतील ओ पंचवीस वर्षं," अण्णा म्हणाले. "आपण टिकतो का ते बोला."

"आपण नाही तर पोरंबाळं आहेत की."

त्या एका क्षणी सगळ्यांनी वळून माझ्याकडे आणि सुजयकडे पाहिलं. पाहुणे आल्यापासून पहिल्यांदाच आपण कशासाठी जमलोय ह्याची आठवण मंडळींना झाली असावी. मी पदर सारखा केला. पण तेवढ्यात अण्णा म्हणाले, "आणि गारा पडल्या मग?" आणि मंडळी पुन्हा आकाशाकडे गेली.

गारा झाल्या, ढग झाले, वानरं झाली. कबुतरांवर बराच वेळ गेला. धूळ बसली की वीज कमी होते हे गुरुजींनी कबूल केलं, पण लांब दांड्याचा पोछा घेऊन ते दर आठवड्याला स्वतः पॅनेल पुसतात, असंही सांगितलं. त्यावर मालनताईंनी कुरडयांवरची नजर न काढता एवढंच म्हटलं, की लग्न झाल्यापासून घरातली फरशी ह्यांनी एकदाही पुसलेली नाही. पॅनेलच्या सावलीनं खालच्या खोल्या गार राहतात, हा फायदा मात्र त्यांनी मोठ्या मनानं मान्य केला. तोटा एकच, त्या आईला म्हणाल्या, पत्रे बसल्यापासून त्यांचं वाळवण शेजारणीच्या गच्चीवर जातं, आणि परत येताना चार पापड कमी येतं.

मला खरं सांगायचं तर मजा वाटायला लागली होती. अण्णांचे डोळे चमकत होते. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याशी विजेवर इतकं भांडायला कुणी आलंच नव्हतं. दोघांनीही टोप्या काढून हातात घेतल्या होत्या, दोघांच्याही टकलांवर घाम होता, आणि मी मनात म्हणत होते, की जमतंय की, व्याही म्हणून काय शोभतायत. मी सुजयकडे पाहून हसलेसुद्धा.

"आणि रात्री ओ?" अण्णांनी हुकमी पान टाकल्यासारखं विचारलं. "रात्री काय करता?"

"रात्री तुमच्याच मंडळाची वीज घेतो."

"म्हंजी दिवसभर ओळख न्हाई, आणि दिवेलागण झाली की आमच्या दारात."

"तसं कसं? दिवसा आमची उरते ती आम्ही तुम्हाला देतो ना. मीटर उलटा फिरतो."

अण्णा थांबले. हातातली टोपी त्यांनी डोक्यावर घातली. "देता म्हंजी?" त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "घरातनं तारेत सोडता?"

"तारेत, तारेत," गुरुजी उत्साहानं म्हणाले. त्यांना वाटलं, समोरचा आता विरघळला. "आणि एकट्या माझ्याच घरातून नाही. आमच्या सुजयनं जेवढ्या घरांवर बसवलंय, तेवढ्या सगळ्या घरांतून. अख्ख्या कऱ्हाडात हिंडतो तो पॅनेल घेऊन. हाच त्याचा व्यवसाय."

बोलून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी जीभ चावली, पण अण्णा सुजयकडे बघत होते.

"विद्युत उपकरणं," अण्णा म्हणाले.

सुजयनं मान खाली घातली. शपथ घेतलेला माणूस, तो काय बोलणार.

"चला खाली, ऊन लागंल," अण्णा म्हणाले आणि आधी आपणच उतरले. त्यांची पाठ बघूनच मला कळलं. फाटकापर्यंत पोचवायच्या माणसांशी ते असेच मवाळ वागायचे.

खाली आल्यावर अण्णांनी पंख्याखाली गुरुजींना बसवलं, आईला चहा टाकायला सांगितला आणि फार सभ्यपणानं जे सांगायचं ते सांगितलं. माणसं चांगली आहेत, मुलगा चांगला आहे, पण हा व्यवसाय आपल्याला पटत नाही. मुलीचं मन मारून कुठं द्यायचं नाही, तसं आपलं मन मारूनही द्यायचं नाही. राग मानू नये, चहा घेऊन जावं. मी ट्रे धरून उभी होते.  माझं मन मारायचं नाही म्हणणाऱ्या माणसाला माझं मन समोर उभं दिसत नव्हतं, आणि ते दाखवायची मला सोय नव्हती. 

तेवढ्यात लाईट गेली.

पंखा फिरता फिरता थांबला. भर दुपारी, पाहुण्यांसमोर, असल्या दिवशी. अण्णा पंख्याकडे अशा नजरेनं बघत राहिले, की वीज मंडळानं निवृत्त माणसाची एवढीही लाज राखू नये. गुरुजींना राहवलं नाही. नकार मिळालेला, चहा हातात, जायचंच आहे, तर निदान वाद तरी जिंकून जावं, असं त्यांना वाटलं असणार.

"बघा," ते म्हणाले. "आता हेच आमच्याकडे असतं, तर..."

"तर काय?" मालनताई पदरानं वारा घेत म्हणाल्या. "आमच्याकडंबी असंच घामानं निथळत बसलो असतो. लाईट गेली की ह्यांचं सोलरबी जातंय. वर पत्रे उन्हात तळत बसत्यात आणि खाली आम्ही."

गुरुजींनी कप बशीत ठेवला. एवढं गुपित बायको परक्या घरात फोडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. अण्णा मात्र खुर्चीत पुढे सरकले.

"मंडळाची लाईट गेली की तुमचीबी जाते?"

"जाते," गुरुजी नाइलाजानं म्हणाले.

"बाहेर डोक्यावर सूर्य असताना?"

"ते यंत्राचं शास्त्र आहे काहीतरी. मी आपला मराठी शिकवणारा माणूस." त्यांनी मुलाकडे पाहिलं. "ह्याला मी शंभरदा म्हणालो, हे असलं कसलं यंत्र बसवलंस. सांग की रे."

सुजयनं माझ्याकडे पाहिलं. त्याला उत्तर माहीत होतं. त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. पण जिन्यात घेतलेली शपथ अजून त्याच्या गळ्यात होती, आणि माझी परवानगी असल्याशिवाय तो बोलणार नव्हता. अण्णा हसायला लागले होते. हसून ते उठले की सगळं संपलं, हे मला कळत होतं, आणि मग माझ्याच तोंडून ते बाहेर पडलं.

"वायरमन वर असेल म्हणून," मी म्हणाले. "लाईट गेली म्हणजे कुणीतरी कुठंतरी खांबावर चढलेला असू शकतो. तो तार मेलीय समजून हात घालणार, आणि तेव्हा घराघरातनं वीज तारेत गेली तर त्याचा जीव जाईल. म्हणून बाहेरची लाईन मेली की ह्यांची सोलरची पेटीसुद्धा आपोआप मरते. तुमच्या जिन्याखाली नाही का, तो हिरवा दिवा जाऊन तांबडा लागतो, तेव्हा..."

आणि मी थांबले.

"आमच्या जिन्याखाली," गुरुजी सावकाश म्हणाले.

मालनताईंच्या हातातलं बिस्किट चहात बुडालं ते वर आलंच नाही. सुजयचे कान त्या तांबड्या दिव्यासारखे झाले. आई कपाळाला हात लावून माझ्याकडे बघत होती. तिला काही विचारायची गरजच नव्हती, ती सगळं समजून चुकली होती.

काय सांगणार होते मी? गुरुजी आणि मालनताई जोतिबाला गेले होते, तेव्हा सुजयनं मला बोलावलं होतं. तुला एक दाखवायचंय, फार महत्त्वाचं आहे, म्हणाला होता. मी नवा ड्रेस घालून, गजरा माळून गेले. आता हा गुडघ्यावर बसतो की काय, म्हणून माझी छाती धडधडत होती. तर त्यानं मला जिन्याखाली, चपलांच्या शेजारी नेऊन उभं केलं, मेन स्विच पाडला आणि श्वास रोखून म्हणाला, बघ हं, आता तांबडा लागेल. लागला. तो इतका खूश झाला, की मी तिथेच, त्या चपलांच्या वासात, ह्याच्याशीच लग्न करायचं असं पक्कं केलं.

आता वीज कोसळणार म्हणून आम्ही सगळे अण्णांकडे बघत होतो. पण अण्णा त्या जिन्यापाशी पोचलेच नव्हते.

"आपोआप मरते?" त्यांनी विचारलं. मला नाही, सुजयला. "पोरा, तू बोल. नक्की मरते?"

सुजयनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"मरते," तो म्हणाला. "बाहेर वीज नसेल तर पेटी तारेत काही सोडूच शकत नाही. पापणी लवायच्या आत बंद होते."

"आणि मालक म्हणाला, मला लाईट पायजेच, चालू ठेव म्हणून?"

"मालकाच्या हातात नाही ते. माझ्याही नाही."

"आणि पेटीच बिघडली तर?"

"मग ती चालूच होत नाही. मी प्रत्येक घरात काम झालं की मेन पाडून बघतो, अण्णा. तांबडा लागलेला स्वतः बघितल्याशिवाय घर मालकाच्या ताब्यात देत नाही. पॅनेल कुणीही बसवेल. मला तेवढंच महत्त्वाचं वाटतं."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.  मग म्हणाले, "आमचा दत्तू हाय ना."

दत्तूकाका आमच्याकडे दर दिवाळीला यायचे. त्यांना उजवा हात कोपरापासून नव्हता. फराळाची बशी ते मांडीवर ठेवून डाव्या हातानं खायचे आणि मला चकल्या द्यायचे. हात मळणी यंत्रात गेला, असं मी लहानपणापासून समजत आले होते, आणि मी विचारलंही नव्हतं.

"लाईन मीच बंद केली होती," अण्णा म्हणाले. "फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घातला. दत्तूला म्हणालो, चढ, तार मेलीय. आणि तिकडं एका लग्नाच्या मांडवात लाईट गेली म्हणून कुणीतरी जनरेटर चालू केला. मेन पाडला न्हाई. नवरा-नवरीचं फोटो काढायचं ऱ्हायलं होतं म्हणून घाई. ती वीज तारेतनं उलटी आली. माझ्या खिशात फ्यूज आणि दत्तू वर लटकलेला. तेव्हापास्नं कुणी म्हटलं ना, आमच्या घरात वीज तयार होते, की मला बाकी काय ऐकू येत न्हाई. आजवर जे जे पत्रे विकायला आले, त्यांनी बिल सांगितलं, बचत सांगितली, पंचवीस वर्षं सांगितली. खांबावरच्या माणसाचं कुणी बोललं न्हाई."

आई पदर तोंडाशी धरून बसली होती. तिला हे माहीत असावं. मला रडू आलं, आणि त्या रडण्यात मघाच्या नकाराचंही रडू मिसळलं, त्यामुळे ते जरा मोठ्यानंच आलं. मालनताईंनी काही न विचारता मला जवळ ओढलं.

गुरुजी खुर्चीतून उठले. अण्णांसमोर उभे राहिले. त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मुलाकडे वळून म्हणाले, "आणि मी तुला असलं कसलं यंत्र बसवलंस म्हणालो."

लाईट आली. पंख्यानं एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि खोलीतली सगळी माणसं एकदम मान वर करून त्याच्याकडे बघायला लागली. अण्णांनी नाक पुसलं. आईला म्हणाले, "पुण्याला नको म्हणून कळीव. आणि ह्यास्नी चहा दुसरा टाक, हा गार झाला."

आई उठताना म्हणाली, की बसवायचेच असतील पत्रे तर बसवा, पण अर्धी गच्ची माझ्या कुरडयांची, ती आत्ताच खडूनं आखून घेणार. गुरुजी म्हणाले, पाऊण गच्ची कुरडयांना. त्यांना तेव्हा काहीही मागितलं असतं तरी त्यांनी दिलं असतं. सुजय माझ्याकडे उघड उघड बघत होता आणि हसत होता, आणि मी डोळे पुसत पुसत हसत होते. एकमेकांना तासाभरापूर्वी पहिल्यांदा बघितलेली माणसं असं हसत नाहीत, एवढंही आम्हाला कळत नव्हतं.

गुरुजींना मात्र आपण वरपिता आहोत ह्याची एकाएकी आठवण झाली. घसा साफ करून, टोपी नीट बसवून, ते रीतसर बोलले.

"तर मग पिसाळसाहेब, रिवाजाप्रमाणे आता मुलीकडच्यांनी आमचं घर बघून जायला हवं. कधी येताय घर बघायला?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्या गल्लीतल्या मुलीच्या घराकडे ते ज्या नजरेनं बघायचे ती ही नजर नव्हती. त्यांनी चहाचा कप उचलला, बशीत थोडा ओतला, फुंकर घातली.

"आमच्याकडनं बघून झालंय की," ते म्हणाले. "पार जिन्याखालपतुर."